ठरावीक अंतराचा सराव-मार्ग कसा आखावा?

पहाटफेरी (प्रश्न)

दोन वर्षे नियमित सायकल चालवल्यानंतर मी प्रथमच २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची (ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची) तयारी सुरू केली आहे. आठवड्यात एकदा ४०, एकदा ६० आणि सुटीच्या दिवशी ९० पासून १२० किलोमीटरपर्यंत वाढत जाणारे अंतर, असा माझा आराखडा आहे. अडचण अशी की, नकाशाचे अ‍ॅप मला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा जवळचा रस्ता सांगते. मला मात्र घरापासून निघून घरीच आणून सोडणारी, मोजून ६० किलोमीटरची फेरी हवी आहे. तीस किलोमीटर जाऊन त्याच रस्त्याने परतण्याचा उपाय मी वर्षभर केला आणि आता त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ओळखीचा झाला आहे. एका अ‍ॅपने आपोआप आखून दिलेली फेरी ५३ किलोमीटरचीच भरली, शिवाय तिचे शेवटचे चार किलोमीटर खडीच्या कच्च्या रस्त्यावरून गेले. आपण असे मार्ग कसे शोधता?

नकाशेवेडा

आधी फेरी किती दूरवर पसरू द्यायची, ते ठरवा. ६० किलोमीटर परिघाच्या वर्तुळाचा व्यास सुमारे १९ किलोमीटर येतो. पण रस्ते वर्तुळासारखे गोल नसतात, ते वळसे घेतात, म्हणून सर्वांत लांबचा बिंदू घरापासून सरळ रेषेत १४ ते १५ किलोमीटरवर धरावा. त्याच्या दोन्ही बाजूंना, साधारण निम्म्या अंतरावर, आणखी एकेक बिंदू घ्या आणि राइड विथ जीपीएस, कोमूट किंवा स्ट्राव्हा या मार्ग आखण्याच्या साधनांपैकी कशावरही हे तीन बिंदू जोडून परत घरी या. मग एखादा बिंदू आत-बाहेर ओढला की अंतर हवे तसे कमी-जास्त करता येते. माझा अनुभव असा की, आपोआप फेरी आखणाऱ्या सोयीपेक्षा या पद्धतीला दहा मिनिटे जास्त लागतात, परंतु मार्ग आपल्या मनासारखा होतो.

खडीचे म्हणाल, तर ही साधने मुख्यतः ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालतात. २००४ मध्ये सुरू झालेला हा नकाशा स्वयंसेवक भरतात, त्यामुळे रस्ता डांबरी आहे की कच्चा, ही नोंद कोणी केलेलीच नसेल, तर अ‍ॅप अंदाजाने चालते. म्हणून अनोळखी तुकडा उपग्रहचित्रावर पाहून घ्यावा. स्ट्राव्हाच्या हीटमॅपवर, म्हणजे कोणत्या रस्त्यावरून किती जण जातात ते रंगाने दाखवणाऱ्या नकाशावर, ठळक दिसणारा रस्ता सायकलस्वारांच्या नेहमीच्या वापरातला असतो, पण तो शांतच असेल असे मात्र नाही.

चढणप्रेमी

वरील पद्धत मीही वापरतो, मात्र केवळ किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये, असे मला वाटते. सपाट ६० किलोमीटर ताशी २५ च्या वेगाने २ तास २४ मिनिटांत होतात. तेच अंतर चढउतारांचे असून वेग १८ वर आला, तर ३ तास २० मिनिटे लागतात. शरीराच्या दृष्टीने हे दोन वेगळे सराव आहेत. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे थांबे धरून ताशी सरासरी १५ हूनही थोडी कमी; तेव्हा वेगापेक्षा खोगिरावर बसण्याचे तास महत्त्वाचे. मार्ग आखताना एकूण चढाई जरूर पाहावी, पण दोन अ‍ॅपांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. उंचीची माहिती जमिनीवरील चौकटींनुसार साठवलेली असते, आणि कड्यालगतचा रस्ता किंवा पूल आला की चौकटीतली उंची रस्त्याची नसून शेजारच्या कड्याची किंवा खालच्या दरीची असू शकते.

जाता जाता: ५३ आणि ६० मधला फरक सायकलवरच्या अंतर मोजणाऱ्या मापकाचा नव्हे. चाकावरच्या सेन्सरमध्ये २८ ऐवजी २५ मिलिमीटर रुंदीच्या टायरचा परीघ, म्हणजे २१३६ ऐवजी २१०५ मिलिमीटर, भरला गेला, तरी ६० किलोमीटरमागे चूक एका किलोमीटरच्या आतच राहते.

चारपाकळी

मी घर मध्यभागी ठेवून १५, २५, ३५ आणि ४५ किलोमीटरच्या चार फेऱ्या आखल्या आहेत. पहिल्या दोन मिळून ४०, मधल्या दोन मिळून ६० आणि चारही मिळून १२०. पाणी घरीच भरता येते आणि सायकल बिघडली, तर फार दूर अडकायला होत नाही. दोष एवढाच की, दारासमोरून तिसऱ्यांदा जाताना आत शिरण्याचा मोह होतो.

चढणप्रेमी

नेमक्या त्याच कारणासाठी सुटीच्या दिवसाची लांब फेरी अखंड असावी. ब्रेव्हेत वाटेत घर लागत नाही. वाऱ्याचा अंदाज पाहून पहिला अर्धा भाग वाऱ्याविरुद्ध ठेवावा, आणि वाहने डाव्या बाजूने चालत असतील तेथे फेरी घड्याळाच्या उलट दिशेने घालावी, म्हणजे बहुतेक वळणे डावीकडची येतात व समोरची रहदारी छेदावी लागत नाही.

पहाटफेरी

सर्वांचे आभार. तीन बिंदूंची फेरी आधी ६६ किलोमीटरची आली. उत्तरेकडचा बिंदू आत ओढून ती ६१ वर आणली आणि आखलेल्या मार्गाची जीपीएक्स फाइल मापकात घेऊन आज सकाळी पूर्ण केली. डांबर शेवटपर्यंत होते. एका ठिकाणी मात्र नकाशात दिसणारे वळण प्रत्यक्षात कुलूपबंद फाटकाशी संपले, ते मी आता नकाशात दुरुस्त करून टाकले आहे. आठवड्यातल्या ४० साठी चारपाकळी यांची १५ आणि २५ ची जोडी आखायला घेत आहे.