न्यूयॉर्कचे जुने सिटी हॉल स्टेशन: कमानी कशा उभारल्या आणि स्टेशन बंद का झाले?

खांबतुळई:
न्यूयॉर्कच्या पहिल्या सबवेची, म्हणजे भुयारी रेल्वेची, बहुतेक स्टेशने म्हणजे पोलादी खांबांची रांग आणि सपाट छत. सिटी हॉलच्या फलाटावर मात्र टाइलच्या कमानीच कमानी. या कमानी सेंटरिंगशिवाय, म्हणजे खालून पेलणाऱ्या तात्पुरत्या साच्याशिवाय, बांधल्या असे म्हणतात, ते नेमके कसे? आणि इतके देखणे स्टेशन ३१ डिसेंबर १९४५ रोजी बंद का केले? ‘प्रवासी कमी’ एवढ्यावर समाधान होत नाही.

वीटकाम:
आधी नेहमीची रीत. रस्ता वरून खोदायचा, दर ५ फुटांवर पोलादी चौकट उभी करायची, दोन चौकटींमध्ये काँक्रीटची उथळ कमान भरायची, बाहेरून डांबरात बसवलेले फेल्टचे थर द्यायचे आणि माती परत लोटायची. मुख्य अभियंता विल्यम बार्क्ले पार्सन्स यांच्या या पद्धतीत काम झपाट्याने होते, पण खांब फलाटावर येतात.

सिटी हॉल हे मार्गाचे दक्षिण टोक होते. २७ ऑक्टोबर १९०४ची उद्घाटनाची गाडी इथूनच सुटली. म्हणून वास्तुविशारद हाइन्स आणि लाफार्ज यांनी इथे राफाएल ग्वास्ताविनो यांच्या पद्धतीची, पातळ टाइलच्या थरांची कमान घेतली. टाइल जेमतेम इंचभर जाडीची. पहिला थर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये लावतात. ते बघता बघता घट्ट होते, त्यामुळे टाइल भिंतीला आणि शेजारच्या टाइलला चिकटून अधांतरी राहते. गोलाई चुकू नये म्हणून हलक्या लाकडी पट्ट्या लावतात, पण भार पेलणारे सेंटरिंग लागत नाही. प्लास्टर ओलीत टिकत नाही, म्हणून पुढचे थर पोर्टलंड सिमेंटमध्ये. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, ही यातली मुख्य अट. खरी ताकद या थरांच्या एकजुटीत आहे. पायथ्याशी कमान बाहेर रेटते, तिथला आधार थोडा जरी सरकला तरी माथ्याला तडा जातो.

रूळजोड:
बंद होण्याचे मूळ वळणात आहे. स्टेशन परतीच्या लूपवर, म्हणजे गाडी वळून माघारी फिरते त्या गोल रुळावर आहे, गाडी डावीकडे वळते आणि फलाट वळणाच्या बाहेरच्या अंगाला. डबा सरळ, फलाट वाकडा. डब्याची टोके फलाटाला घासू नयेत एवढी जागा सोडली की मध्यभागी फट उरतेच. हिशोब सोपा आहे: लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. डबा १५.५ मीटर आणि त्रिज्या ५० मीटर धरली तर ६० सेंमी, शिवाय टोकांशी सोडलेली जागा वेगळी. सुरुवातीच्या डब्यांना दारे फक्त टोकांना होती, तेव्हा हे खपले. पुढे मधली दारे आली आणि नेमकी तीच फटीसमोर!

शिवाय बाकीच्या लोकल स्टेशनांचे ५ डब्यांचे फलाट पुढे लांबवता आले. इथे लांबवायचे म्हणजे त्याच वळणात आणखी खोदायचे. आणि जलद गाड्या इथे येतच नव्हत्या. त्या पायी जाण्याच्या अंतरावरील ब्रुकलिन ब्रिज स्टेशनातून मिळत, १९०८ पासून तर थेट ब्रुकलिनलाही जाऊ लागल्या. प्रवासी तिकडे गेले यात नवल नाही.

खांबतुळई:
दोघांचेही आभार. अशा कमानीत पाणी झिरपू लागले तर? आतून वॉटरप्रूफिंग चालेल का?

वीटकाम:
ते मुळीच करू नका. चकचकीत टाइलमधून ओल बाहेर पडत नाही, ती सांध्यांतूनच निघते. आतून सांधे बुजवले की पाणी थरांमध्ये अडकते आणि खालचा थर सुटतो. आधी लाकडी हातोडीने हलके ठोकून पाहा: भद्द आवाज आला तिथे थर सुटला आहे, तेवढा भाग खडूने आखून घ्या. पांढरे क्षार दिसले तर ओलीची वाट कळते. इलाज वरून, म्हणजे माती काढून पाणीरोधक थर नवा करणे आणि निचरा मोकळा करणे. मग सुटलेल्या टाइल काढून पुन्हा बसवायच्या. काचेच्या झरोक्यांच्या कडा आधी तपासा, दोन वेगळी साहित्ये भेटतात तिथेच पाणी वाट काढते.

रूळजोड:
पाहायचे असेल तर ६ क्रमांकाची लोकल ब्रुकलिन ब्रिजनंतर याच लूपमधून वळते. डब्यात बसून राहा आणि उजवीकडची खिडकी धरा, फलाट त्या बाजूला आहे. गाडी थांबत नाही. उतरून नीट पाहायचे तर न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियम आपल्या सभासदांसाठी फेऱ्या ठेवते.