सुटा पंख एकट्याने कसा हलवू?

कराडजवळच्या शेडात सेसना १५० या छोट्या विमानाचा काढलेला पंख भिंतीकडे न्यायचाय. मदतीला कुणी नाही. उचलू कसा?

– भाऊ, उचलूच नका. पंखातली इंधनाची टाकी रिकामी आहे ना, ते आधी बघा. टाकी बुडाशी, म्हणजे पंख विमानाला जोडतात त्या बाजूला असते, जड बाजूही तीच. बुडाखाली चाकांचा घोडा लावा, वर जुनी गादी. तुम्ही टोक धरा, तिथून अख्खा पंख हळूहळू वळतो. पुढची जाड कड खाली ठेवा. मागचा पत्रा पातळ, जरा टेकला की मुडपतो. एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची हलती फळी, बांधून टाका, बोटं चेमटतात.

– दुपारी वारा सुटला की शटर बंद करा. भिंतीला नुसता टेकवू नका, रुंद पट्ट्याने दोन ठिकाणी बांधा.

– घोडा आहे, दादा. गादी आणतो, सकाळीच करतो.