क्रूझवर बोट लागू नये, पण दिवसभर पेंगही येऊ नये: काय घ्यावं?

मृगजा

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आई-बाबांना घेऊन मुंबई–लक्षद्वीप क्रूझला जायचं ठरलंय. आईची ही फार जुनी इच्छा. तिला चारी बाजूंना फक्त पाणीच दिसतंय असा सूर्योदय बघायचाय आणि तेव्हा मला तिच्या शेजारी बसायचंय, जागं राहून!

अडचण माझीच आहे. मला लहानपणापासून गाडी लागते. वरंध घाट असो की गेटवे–मांडवा लाँच, पोटात ढवळायला लागतं. अ‍ॅव्होमिन घेतली की उलटी थांबते, पण मग संध्याकाळपर्यंत डोळे उघडत नाहीत. जीभ जड, डोकं जड, कुणी काही विचारलं तरी उत्तर द्यावंसं वाटत नाही. असं चार दिवस काढायचे असतील तर जाण्यात अर्थच नाही.

आई-बाबांना आजवर त्रास झालेला नाही, पण मोठ्या बोटीवर तेही पहिल्यांदाच येतायत. बाबा ७२ वर्षांचे, प्रोस्टेटची गोळी चालू आहे. आईला काचबिंदू आहे, रोज थेंब घालते. तर:

झोप न आणणारी गोळी खरंच असते का? कानामागे लावायच्या पट्टीबद्दल वाचलंय, ती कशी आहे? केबिन अजून निवडायची आहे, कुठली घेऊ? आणि आलं, मनगटाचे पट्टे वगैरेंचा उपयोग होतो का?

देवगडची

आलेपाक घेऊन जा, भरपूर. माझी आजी मुंबई–देवगड बोटीने यायची तेव्हा पदराला आलेपाक आणि आवळासुपारी बांधलेली असायची. ती सांगायची, वर उघड्यावर जागा धरायची आणि मधोमध धरायची, खाली कोंदट जागेत बसलेली माणसं रत्नागिरी येईतो आडवी व्हायची. उपाशीपोटी बोटीवर चढू नये, हेही तिचंच. सुका मऊ भात नाहीतर भाजके पोहे खाऊन निघायचं.

कानोसा

मृगजाताई, मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. पण गोळी आणि मात्रा तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा, विशेषतः आई-बाबांची.

आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. बोट हलतेय हे तिला बरोबर कळतं. पण केबिनमध्ये बसल्यावर डोळ्यांना भिंती, पलंग, टेबल सगळं स्थिर दिसतं. कान एक सांगतो, डोळे दुसरंच, आणि हा मेळ बसला नाही की मेंदूतून मळमळ, घाम, उलटी सुरू होते. सगळ्यात वाईट ती संथ हालचाल, साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली होणारी. मोठ्या लाटांवर बोट जवळपास तशीच हलते.

हा गोंधळ मेंदूत होतो, म्हणून औषधालाही मेंदूत पोचावं लागतं. अ‍ॅलर्जीसाठी आपण फेक्सोफेनाडिन घेतो. तिने झोप येत नाही, कारण ती मेंदूत जवळजवळ शिरतच नाही, आणि म्हणूनच बोट लागण्यावर तिचा उपयोगही होत नाही. त्यामुळे 'अजिबात झोप न आणणारी आणि हमखास काम करणारी' गोळी कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. झोप कमी कशी होईल आणि ती कधी येईल, एवढं मात्र आपल्या हातात आहे, आणि तेवढ्याने काम भागतं.

अ‍ॅव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन. अँटिहिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीवरच्या औषधांच्या गटातल्या सर्वांत गुंगी आणणाऱ्या औषधांपैकी एक. तुमची अवस्था तशी होते यात नवल नाही. त्याऐवजी दोन नावं डॉक्टरांना विचारा: मेक्लिझिन आणि सिनॅरिझिन (स्टुजेरॉन). दोन्हींनी थोडी सुस्ती येऊ शकते, पण बहुतेकांना अ‍ॅव्होमिनच्या मानाने बरीच कमी. मेक्लिझिनचा परिणाम जवळजवळ दिवसभर टिकतो, म्हणून ती रात्री झोपताना घेता येते. गुंगी झोपेत निघून जाते आणि सकाळी संरक्षण शिल्लक असतं. तुमची बोट संध्याकाळी सुटत असेल तर आदल्या रात्रीच एक, मग रोज त्याच वेळी, असं विचारून घ्या. सिनॅरिझिन साधारण दोन तास आधी घेतात आणि दिवसातून परत परत घ्यावी लागते.

आता सर्वांत महत्त्वाचं. गोळी आधी घरी घेऊन बघा. एखादा शनिवार ठरवा, गाडी चालवायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी डोकं किती जड वाटतं ते पाहा. एकाच गोळीने एकाला काहीच होत नाही आणि दुसरा पेंगतो. हे बोटीवर चढल्यावर कळून उपयोग नाही. सोबत दारू नको. सर्दी-खोकल्याची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि मळमळ सुरू झाल्यावर गोळी शोधू नका. तेव्हा जठराचं काम मंदावलेलं असतं, गोळी पोटातच पडून राहते किंवा उलटीत जाते.

आई-बाबांसाठी: यातल्या बऱ्याच औषधांनी लघवी अडकू शकते आणि काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढू शकतो. वयस्कर माणसांना कधी कधी भ्रमही होतो. त्यांना आजवर त्रास झालेला नाही, तर 'सगळ्यांनी एकेक घेऊ' असं अजिबात करू नका. वय वाढतं तसं बोट लागण्याचं प्रमाण कमीही होतं. आईंच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना काचबिंदूचा नेमका प्रकार विचारून ठेवा, गरज पडली तर तेव्हा धावाधाव नको.

सिएटलकर

पट्टीबद्दल अनुभव लिहितो. आमच्याकडून अलास्काच्या बोटी सुटतात. बायकोला खूप त्रास होतो, तिने ही पट्टी वापरली. आत स्कोपोलामिन असतं. कानामागे केस नसलेल्या जागी लावायची, किमान चार तास आधी, आणि एक पट्टी तीन दिवस चालते. इथे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही. उलट तुमची स्टुजेरॉन अमेरिकेत विकलीच जात नाही, ती आम्ही भारतातून आणतो.

उलटी एकदाही झाली नाही. झोपही फार आली नाही. पण तोंड इतकं कोरडं पडलं की घोटभर पाण्याशिवाय घास गिळता येईना, आणि दुसऱ्या दिवसापासून जवळचं वाचताना अक्षरं पुसट दिसायला लागली. पट्टीला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचेच. तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन बसते. पट्टी कापून अर्धी लावायची नाही.

काचबिंदू आणि प्रोस्टेट, दोन्हींना ही पट्टी त्रासदायक, म्हणजे तुमच्या आई-बाबांसाठी बादच. आणखी एक, तुम्ही लक्षद्वीपला जाताय म्हणून मुद्दाम सांगतो. या पट्टीने घाम कमी होतो. २०२५ मध्ये इथल्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) इशारा दिला की तिच्यामुळे शरीराचं तापमान धोकादायक वाढू शकतं, आणि अशा घटना जास्त करून मुलांमध्ये आणि साठीपुढच्यांत दिसल्या. अलास्काच्या थंडीतली गोष्ट वेगळी, बेटावरच्या उन्हातली वेगळी.

मृगजा

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! पट्टी रद्द. मेक्लिझिनबद्दल या आठवड्यातच डॉक्टरांना विचारते.

कानोसाताई, घरी ऑनडान्सेट्रॉनच्या गोळ्या आहेत, भाच्याच्या उलट्यांसाठी आणलेल्या. त्यांनी झोप येत नाही. त्या चालतील का?

कानोसा

बोट लागण्यासाठी नाही. पोट बिघडल्यावर किंवा केमोथेरपीच्या उलट्यांवर ऑनडान्सेट्रॉन उत्तम, पण बोट लागण्याची उलटी वेगळ्या वाटेने येते, तिथे तिचा फारसा उपयोग होत नाही. डॉमपेरिडॉनचंही तेच. झोप येत नाही म्हणून खूप जण याच गोळ्या भरवशाने नेतात आणि मग 'औषध घेऊनही त्रास झाला' म्हणतात.

आल्याबद्दल राहिलं. १९८८ मध्ये डेन्मार्कच्या नौदलातल्या ८० कॅडेट्सवर प्रयोग झाला होता. एक ग्रॅम सुंठेने उलट्या आणि थंड घाम कमी झाले, मळमळीत मात्र फार फरक पडला नाही. इतर काही प्रयोगांत आल्याचा उपयोग दिसला नाही. झोप अजिबात येत नाही, चव चांगली, तेव्हा देवगडची यांचा आलेपाक जरूर न्या, फक्त गोळीच्या जोडीला. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आल्याच्या कॅप्सूल घेण्याआधी विचारा.

तांडेल

मी मर्चंट नेव्हीत इंजिनियर आहे. औषधाचं कानोसाताईंनी सांगितलंय, मी बोटीचं सांगतो. माझ्या मते केबिन बरोबर निवडली तर निम्मं काम तिथेच होतं.

बोटीची लांबी डोळ्यासमोर आणा. पुढचं टोक वर जातं तेव्हा मागचं खाली जातं, आणि मधला भाग जवळपास जागेवर असतो. आडवं डुलणं जितके वरच्या डेकवर जाल तितकं जास्त. म्हणून मधली आणि खालच्या डेकवरची केबिन घ्या, खिडकीची. वरची बाल्कनीवाली महाग केबिन फोटोला छान, पण तुमच्यासाठी नाही. बुकिंग करताना 'खिडकीची केबिन' एवढंच म्हणू नका, डेकचा नकाशा मागवून केबिन नंबर स्वतः बघा. स्वस्तातल्या खिडकीच्या केबिन पुष्कळदा अगदी पुढच्या टोकाला असतात. मध्ये खिडकी मिळत नसेल तर पुढच्या टोकाच्या खिडकीपेक्षा मधली बिनखिडकीची बरी, फक्त त्रास वाटला की डेकवर यायचं.

मोठ्या बोटीला दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात, स्टॅबिलायझर. ते आडवं डुलणं बरंच कमी करतात, पण बोट वेगात असतानाच. नांगर टाकला की त्यांचं काम जवळपास थांबतं. लक्षद्वीपला बोट बेटाबाहेर खोल पाण्यात उभी राहते. तिथे ती संथ डुलते आणि 'बोट थांबली, आता काही नाही' म्हणून बेसावध राहिलेली माणसं नेमकी तेव्हाच आजारी पडतात. तिथून छोट्या बोटीने बेटावर नेतात. चढताना थांबून राहावं लागतं, डिझेलचा वास नाकात जातो. त्या सकाळची न्याहारी हलकी ठेवा, छोट्या बोटीत मध्ये किंवा मागे बसा आणि मोबाइल न काढता बेटावरच्या माडांकडे बघत राहा. एकदा लगूनच्या, म्हणजे बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात शिरलात की पाणी शांत.

नवीन कॅडेट इंजिनरूममध्ये पहिल्यांदा उतरतात तेव्हा बघा. उष्णता, तेलाचा वास, क्षितिज नाही. अर्ध्या तासात चेहरा पांढरा, वरच्या ओठावर घामाचे थेंब, आणि सारख्या जांभया. जांभई ही पहिली खूण, उलटी खूप नंतर येते. तुम्हाला विनाकारण जांभया यायला लागल्या की तिथेच उठा, मोकळ्या हवेत या, क्षितिजावर नजर ठेवा, श्वास सावकाश घ्या. उठणं शक्य नसेल तर डोळे मिटून उताणं पडा, डोकं उशीत घट्ट रुतवून, म्हणजे मान हलणार नाही. केबिनमध्ये बसून मोबाइल वाचणं हे सगळ्यात वाईट.

कपाटातले हँगर रात्रभर खडखडतात आणि झोप लागू देत नाहीत. मध्ये टॉवेल कोंबून ठेवा. अपुरी झोप झाली की दुसऱ्या दिवशी त्रास हमखास वाढतो.

डिसेंबर चांगला आहे. अरबी समुद्र पावसाळ्यात खवळतो, या महिन्यात बहुधा शांत असतो. बहुधा म्हणतोय, कारण २०१७ मध्ये ओखी वादळ डिसेंबरच्या सुरुवातीलाच लक्षद्वीपवरून गेलं होतं. निघायच्या आधी हवामान खात्याचा इशारा बघून घ्या.

दोन-तीन दिवसांत शरीर सरावतं. घरी आल्यावर थोडे दिवस जमीन डुलल्यासारखी वाटली तरी घाबरू नका, तेही जातं.

नीलाक्षी_प

मनगटाच्या पट्ट्याचं मी सांगते. आतल्या बाजूला, मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या (हाताला लागणाऱ्या ताठ दोऱ्यांच्या) मध्ये त्याचं बटण टेकलं पाहिजे. मला बरं वाटतं, माझ्या बहिणीला काडीचा फरक पडला नाही. झोप येत नाही, दुसरा काही त्रास नाही. पण फक्त त्याच्या भरवशावर जाऊ नका.

मी हेच विचारायला आले होते: आमच्याबरोबर सहा वर्षांचा मुलगा आहे. त्याला काय द्यायचं?

कानोसा

नीलाक्षी, दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वांत जास्त होतो, त्यामुळे तयारी ठेवाच. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. मेक्लिझिन साधारण बारा वर्षांपुढच्यांसाठी आहे, कानामागची पट्टी मुलांना लावायची नाही. मुलाच्या डॉक्टरांना वजन सांगून औषध आणि मात्रा लिहून घ्या. अशा औषधाने काही मुलं पेंगायच्या ऐवजी उलट चिडचिडी आणि चुळबुळी होतात, तेव्हा त्यालाही घरीच एकदा देऊन बघा.

मुलं मळमळतंय असं सांगत नाहीत. खेळता खेळता गप्प होतात, 'पोट दुखतंय' म्हणतात, जेवण नको म्हणतात. तसं दिसलं की टॅब बाजूला ठेवून त्याला डेकवर न्या आणि लांबच्या होड्या, पक्षी शोधायला लावा. खिशात प्लॅस्टिकची पिशवी आणि कोरडा शर्ट. उलटी झालीच तर लगेच पेलाभर पाणी पाजू नका. दहा-पंधरा मिनिटं थांबून ओआरएस चमच्याचमच्याने द्या. ते पोटात टिकत नसेल, किंवा लघवी होऊन बरेच तास झाले असतील, तर बोटीवरच्या डॉक्टरांकडे न्यायला उशीर करू नका.