मदत हवी आहे: 'वुड'चा नेमका अर्थ काय?

निशिगंध
भाषांतर आज रात्री द्यायचंय आणि 'वुड'पाशी गाडी अडलीय. शाळेत 'विल'चा भूतकाळ म्हणून शिकवलं होतं, ते इथे बसत नाही. शब्दकोशात ढीगभर अर्थ आहेत. कोणता घेऊ? पटकन सांगा.

टवाळ
लाकूड घ्या, टिकतं.

अरुंधती
अहो, वाक्य द्या की! असं हवेत काय सांगणार?

निशिगंध
'द डोअर वुड नॉट ओपन.' मी 'दार उघडणार नाही' लिहिलं, संपादकांनी लाल रेघ मारली.

जुनाजाणता
सोपं आहे. वुड म्हणजे जुनी सवय. 'ही वुड वॉक एव्हरी मॉर्निंग', तो रोज सकाळी फिरायला जाई. तेव्हा 'दार उघडत नसे'. आयुष्य इंग्रजी शिकवण्यात गेलंय माझं.

शंकासुर
सर, सवयीला 'यूज्ड टू' जास्त सुरक्षित. 'आय यूज्ड टू लिव्ह देअर' चालतं, तिथे 'वुड लिव्ह' घातलं की सवयीचा अर्थच जातो.

अरुंधती
सवय कुठून आली मध्येच? निशिगंध, आधीचं वाक्य काय आहे?

निशिगंध
'शी पुश्ड अँड पुश्ड.' त्याने काय फरक पडतो?

अरुंधती
सगळाच! 'तिने ढकलून ढकलून पाहिलं, पण दार उघडेना.' हे 'वुड नॉट' म्हणजे अडून बसणं, मग माणूस असो की वस्तू. 'ही वुड नॉट लिसन', तो ऐकेना.

जुनाजाणता
'उघडेना' फार पुस्तकी. 'उघडत नव्हतं' लिहा.

अरुंधती
पुस्तकी? झोप येईना, गाडी सुरू होईना, हे काय पुस्तकात बोलतो आपण? 'उघडत नव्हतं' चूक नाही, पण दाराचा हट्ट गेला त्यातून.

शब्दवेडा
'वुड'मधला न उच्चारला जाणारा 'एल' 'विल'चा, 'शुड'मधला 'शॅल'चा. 'कुड'मध्ये मात्र तो मुळात नव्हताच, या दोघांचं बघून नंतर घुसवला.

टवाळ
हे कोणी विचारलं होतं?

पाहुणा
'वुड यू माइंड'ला होकार द्यायचा तर 'येस' म्हणायचं की 'नो'? मी नेहमी गडबडतो.

शंकासुर
'नो'. म्हणजे हरकत नाही.

निशिगंध
'उघडेना' टाकलं, आभार. आता 'वुड दॅट आय हॅड नोन!' याचं काय करू?

अरुंधती
'आधी कळलं असतं तर!' एवढंच. पुढे काही जोडू नका.

जुनाजाणता
'आधी ठाऊक असतं तर.'