डाउन सिंड्रोम असलेल्या दादाला कोविडची लस द्यावी का? तिसऱ्या लाटेआधी काय तयारी करू?

मृण्मयी_नाशिक (जून २०२१)
नमस्कार मंडळी. माझा दादा ३८ वर्षांचा, डाउन सिंड्रोम आहे (जन्मतः एक गुणसूत्र जास्त असतं, त्यामुळे बौद्धिक वाढ मंद होते). लहानपणी हृदयाचं छिद्र बुजवायचं ऑपरेशन झालंय, थायरॉईडची गोळी रोज असते आणि रात्री घोरतो ते शेजारच्या खोलीत ऐकू येतं. आता ३० वरच्यांना लस मिळतेय पण आई घाबरते, म्हणते हार्टचं ऑपरेशन झालेल्याला कशाला, ताप आला तर? टीव्हीवर सगळे तिसऱ्या लाटेत लहान मुलांचं काय होणार यावरच बोलतायत, दादासारख्यांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आणि मास्क तो दोन मिनिटांत ओढून काढतो, त्याचं काय करू?

डॉक्टर_सातारा
लस द्याच, आणि लवकर द्या. इंग्लंडमध्ये ८० लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदी तपासल्या त्यात डाउन सिंड्रोम असलेल्यांना कोविडने अ‍ॅडमिट व्हायचा धोका साधारण ४ पट आणि मृत्यूचा १० पट दिसला, तोही वय, वजन, हृदयविकार सगळं हिशोबात धरून. म्हणून तिथे नोव्हेंबर २०२० मध्ये अशा प्रौढांना अतिजोखमीच्या यादीत घेतलं. यांची प्रतिकारशक्ती जरा वेगळी चालते, श्वासाची वाट अरुंद असते, आणि शरीर लवकर थकतं, चाळिशीनंतर धोका बराच वाढतो. त्यामुळे ३८ म्हणजे तरुण, असं धरू नका. आपल्याकडे मार्चमध्ये लसीसाठीच्या सहव्याधींच्या (आधीपासूनच्या आजारांच्या) यादीत बौद्धिक अक्षमता होती पण वयाची अट ४५ ची, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. जुनं ऑपरेशन लसीच्या आड येत नाही, फक्त रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. एखाद-दोन दिवस ताप, अंगदुखी चालायचीच. घोरण्याचं मात्र डॉक्टरांना वेगळं दाखवा, झोपेत श्वास अडकत असेल तर कोविडमध्ये तेच महागात पडतं.

आर्याची_आई
मृण्मयी, मास्कचं आमच्याकडे असंच होतं. सुती, मऊ, डोक्यामागे बांधायचे घेतले कारण कानाला दोरी काचायची, आणि आर्याची आवडती मालिका सुरू असेपर्यंत घालायचा असं हळूहळू वाढवलं. अजूनही तासभर टिकत नाही, मग घरातले बाकीचे सगळे काटेकोर राहतो, बाहेरून कोणी आलं तर आम्ही मास्क घालतो. लसीला जाताना सेंटरला आधी फोन करा, गर्दी नसलेली वेळ विचारा, दंडाला टोचतात ते मोबाईलवर दाखवून ठेवा. आमच्या सिस्टरबाईंनी तिला कापूस धरायला दिला, त्यातच सुई टोचून झाली.

भुदरगडकर
आमच्या धाकट्याला एप्रिलमध्ये कोविड झाला होता. ताप नाही, खोकला नाही, काही दुखतंय का विचारलं तर कायम नाहीच म्हणतो. फक्त भाकरी ताटात तशीच ठेवली आणि अंगणात जायचं सोडून भिंतीला टेकून बसून राहिला, वहिनीला शंका आली म्हणून ऑक्सिमीटर लावला तर ऑक्सिजन फक्त ८९. तेव्हा त्यांनी सांगायची वाट बघू नका. बरं असताना ऑक्सिजन रोज मोजून वहीत लिहून ठेवा म्हणजे नेहमीचा आकडा माहीत असतो. दुसरं म्हणजे हॉस्पिटलात आधी नातेवाइकाला आत सोडतच नव्हते, हा एकटा रडून मास्क काढायचा, शेवटी भांडून वहिनी पीपीई किट घालून आत राहिली तेव्हा तो ऑक्सिजनवर शांत पडला. एका कागदावर औषधं, ऑपरेशन, काय खातो, घाबरला की काय करतो, लघवीला जायचं असेल तर कसं सांगतो, सगळं मराठीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, दिव्यांग प्रमाणपत्राची झेरॉक्स सोबत.

मृण्मयी_नाशिक
खूप आधार वाटला सगळ्यांचं वाचून, आईला वाचून दाखवते. दादाही दुखलं तर सांगत नाही, जेवण कमी झालं की आम्हाला कळतं. डॉक्टर, ऑक्सिजन कमी व्हायची वेळ आलीच तर पोटावर झोपवायचं ते यांना चालतं का?

डॉक्टर_सातारा
चालतं, पण मान सांभाळून. यांच्यातल्या काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, त्यामुळे मान जोरात वळवायची नाही, जमत नसेल तर कुशीवर झोपवा. आणि श्वासासाठी घशात नळी घालायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना मानेचं आवर्जून सांगायचं, ते त्या कागदावर सगळ्यात वर लिहा.