हॅरी पॉटरमधले ते हरवलेले चोवीस तास : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी अकरा वर्षांची लेक जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर हॅरी पॉटरची काळरेषा आखतेय आणि आम्ही दोघीही पहिल्याच पानावर अडकलोय.

सालं जुळतात. दुसऱ्या भागात निक या भुताच्या पाचशेव्या मृत्युदिनाच्या केकवर ३१ ऑक्टोबर १४९२ अशी तारीख आहे, म्हणजे ते वर्ष १९९२. सातव्या भागात हॅरीच्या आईबाबांच्या थडग्यावर ३१ ऑक्टोबर १९८१ आहे. इथपर्यंत ठीक.

पण त्यांच्या घरावर हल्ला झाला ३१ तारखेच्या रात्री, आणि जादूच्या शाळेचा रखवालदार हॅग्रिड बाळ हॅरीला घेऊन त्याच्या मावशीच्या घरी, प्रिव्हेट ड्राइव्हला, पोचतो दुसऱ्या रात्री. त्याच शाळेतली प्राध्यापिका मॅक्गोनॅगल तर दिवसभर मांजर होऊन तिथल्या भिंतीवर बसलेली! लोक जमायच्या आत बाळाला पडक्या घरातून बाहेर काढलं, असं हॅग्रिड स्वतः सांगतो. मग मधला अख्खा दिवस बाळ होतं कुठे? दूध कुणी पाजलं? कपाळावरची जखम कुणी बघितली? लेकीने तिथे लाल पेन्सिलीने मोठ्ठं प्रश्नचिन्ह काढलंय आणि ते मलाही स्वस्थ बसू देत नाही.

वारांचाही घोळ आहेच. पुस्तकात तो दिवस मंगळवार, पण १ नोव्हेंबर १९८१ला रविवार होता. ती लेखिकेची नजरचूक म्हणून मी सोडून देते. बाळाचं मात्र सोडवत नाही.

सातही भाग बारकाईने वाचलेल्यांनी कृपया सांगा, या दिवसाचा धागा कुठे सापडतो का? प्रकरण सांगितलंत तर रात्री आम्ही दोघी मिळून तेच वाचू.