स्टीफन किंग: सुरुवात कुठून? आधी पुस्तक की सिनेमा?

धुकाळ: नारायण धारपांची भयकादंबरी 'लुचाई' वाचली, ती किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून बेतलेली आहे हे कळलं. आता मूळ किंग इंग्रजीतून वाचायचाय. 'इट' चाळून पाहिलं, हजारावर पानं आहेत! कुठून सुरू करावं? आणि सिनेमे आधी पाहिले तर मजा जाते का?

रातकिडा: 'इट'ने सुरुवात नकोच. 'नाइट शिफ्ट' (१९७८) घ्या. वीस कथा आहेत, एका बैठकीत एक होते आणि त्याच्या इंग्रजीची सवय लागते. मग 'सालेम्स लॉट' (१९७५). 'नाइट शिफ्ट'मधल्या दोन कथा याच गावाच्या आहेत. 'जेरुसलेम्स लॉट' १८५० मधली, पत्ररूप. ती आधी वाचली तरी चालते. 'वन फॉर द रोड' मात्र कादंबरीनंतरची आहे, ती राखून ठेवा.

'सालेम्स लॉट'मध्ये बराच वेळ नुसतं गावच उभं राहतं: कोण कोणाशी फटकून आहे, कोणाचं काय लपलंय. बरेच जण इथेच कंटाळून पुस्तक ठेवतात. ती पानं गाळू नका. पुढे एकेक घर अंधारात जातं तेव्हा भीती वाटते, कारण त्या घरातली माणसं आपल्या ओळखीची झालेली असतात.

'द स्टँड' घेताना आवृत्ती बघा. १९७८ ची काटछाट केलेली, १९९० ची संपूर्ण. पहिल्या वाचनाला छोटी पुरते.

पानगळ: सिनेमाबद्दल: 'द शायनिंग'पुरता क्रम पाळाच. १९७७ ची कादंबरी, कुब्रिकचा १९८० चा सिनेमा, मग तिचा पुढचा भाग 'डॉक्टर स्लीप' पुस्तक (२०१३) आणि शेवटी त्याचा सिनेमा (२०१९).

(पुढे रहस्यभेद आहे.) कादंबरीत हॉटेलच्या जुन्या बॉयलरचा दाब सतत उतरवत राहावा लागतो आणि शेवट त्यावरच येतो. कुब्रिकने तो धागा जवळपास सोडला, शेवट बर्फातल्या चक्रव्यूहात नेला. खोली २१७ ची २३७ झाली. कादंबरीत बॉयलर फुटून हॉटेल जळतं, म्हणून 'डॉक्टर स्लीप' पुस्तकात ते उरलेलंच नाही, सिनेमात मात्र ते उभं आहे. क्रम चुकला की इथे हमखास गोंधळ होतो.

कंदील: किंगच्या दीर्घकथांवरचे सिनेमे जास्त जमलेत असं माझं ठाम मत. शंभर-दीडशे पानं दोन तासांत नीट बसतात. 'डिफरंट सीझन्स'मध्ये (१९८२) चार दीर्घकथा आहेत, त्यांतल्या तिघींवर सिनेमे आले: 'स्टँड बाय मी', 'द शॉशँक रिडेम्प्शन', 'ॲप्ट प्युपिल'. यातले पहिले दोन आधी पाहिले तरी बिघडत नाही.

'इट'चं उलटं. पुस्तकात मुलांचा १९५८ चा उन्हाळा आणि मोठेपणीचं १९८५ एकमेकांत विणलेलं आहे, विसरलेलं हळूहळू आठवत जातं. सिनेमांनी (२०१७, २०१९) मुलं एका भागात, मोठी माणसं दुसऱ्यात अशी वाटणी केली आणि ती वीण गेली. हे आधी वाचाच.

आणि 'स्केलेटन क्रू'मधली 'ग्रॅमा' चुकवू नका. धारपांची 'आजी' तिच्यावरून आली आणि 'तुंबाड'मधली आजी धारपांकडून!

धुकाळ: 'नाइट शिफ्ट'पासून सुरू करतो. किंगची 'डार्क टॉवर' ही कादंबरीमालिका कधी घ्यावी?

रातकिडा: सगळ्यात शेवटी. पाचव्या खंडात 'सालेम्स लॉट'मधले फादर कॅलहान परत येतात. ते पुस्तक आधी वाचलं नसेल तर त्यांची अर्धी कहाणी हातातून निसटते.